रिझ्युमे लिहून घ्यायला साडेचार हजार द्यावेत का?

प्रश्न असा आला आहे : "सांगलीत राहतो. मेकॅनिकल डिप्लोमा. कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत सात वर्षं क्वालिटीत आहे, त्यातली पहिली दोन वर्षं ठेकेदाराच्या रोलवर होतो. आता चाकण-रांजणगावकडे जायचं आहे. चार महिन्यांत ऑनलाइन साठेक अर्ज केले, तीन फोन आले, पुढे काहीच झालं नाही. एक रिझ्युमे रायटर ४,५०० रुपये मागतोय. 'एटीएस स्कोअर (कंपन्यांच्या अर्ज शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधले गुण) नव्वदच्या वर' देतो म्हणतो. बायको मिरजेत स्टाफ नर्स आहे, तिलाही पुण्यात मोठ्या हॉस्पिटलला जायचंय. दोघांचं मिळून ७,५००. द्यावेत का?"

आत्ता देऊ नका. आधी दोन संध्याकाळी स्वतः बसून खाली सांगतो ते काम करा आणि मग ठरवा. भरतीच्या बाजूने रिझ्युमे वाचणारा माणूस म्हणून सांगतो, पैसे देऊन लिहून घेतलेले बरेच रिझ्युमे पहिल्या चार ओळींत ओळखू येतात. भाषा गुळगुळीत असते, पण उमेदवाराने नेमकं काय काम केलं ते कळत नाही. त्यात लिहिणाऱ्याचा दोष थोडाच असतो. त्याच्या हातात तुमचा जुना बायोडेटा आणि दहा मिनिटांचा फोन, एवढंच सामान असतं. त्यातून तो भाषा सुधारू शकतो. तुमच्या कारखान्यातल्या शॉपमधली माहिती मात्र तुम्हीच काढून द्यायला हवी. ती एकदा कागदावर आली की बहुतेकांना लिहून देणाऱ्याची गरज उरत नाही. काहींना उरते, त्यांच्याबद्दलही पुढे लिहितो.

पण तुमचा खरा प्रश्न रिझ्युमे कोणी लिहायचा हा नाही. अर्ज आणि नोकरी यांच्यामध्ये गाडी कुठे अडते आहे, हा आहे. अर्ज गेला, तो कुणाला तरी दिसला, उघडला गेला, फोन आला, इंटरव्ह्यू झाला, ऑफर आली. या साखळीत रिझ्युमेचं काम फार तर 'उघडला गेला' ते 'फोन आला' एवढंच. तुमच्या आकड्यांत दोन जागा तुटलेल्या दिसतात. साठातून तीनच फोन, ही एक. तीन फोनांतून एकही इंटरव्ह्यू नाही, ही दुसरी. या दुसऱ्या जागेचा रिझ्युमेशी फारसा संबंध नाही, कारण तो वाचूनच त्यांनी फोन केला होता.

म्हणून आधी ते तीन फोन आठवा. पहिल्या फोनवर एचआर किंवा कन्सल्टन्सीची मुलगी साधारण चारच गोष्टी विचारते : सध्याचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती, पुण्यात यायला तयार आहात का. आपल्या भागातली मुलं इथे हमखास एक चूक करतात. सीटीसी विचारला की हातात पडणारा पगार सांगतात. समजा तुमच्या हातात २४,००० येतात. तुम्ही 'चोवीस हजार' म्हणालात की समोर २ लाख ८८ हजार लिहिलं जातं. आता स्लिप काढून बघा. बेसिक १५,०००, ग्रॉस २६,०००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की उरतात २४,०००. ग्रॉसचे वर्षाचे ३ लाख १२ हजार, कंपनी भरते तो पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ८,६५० धरले तर बोनस सोडूनच ३ लाख ४२ हजारांच्या आसपास आकडा जातो. नवा पगार जुन्यावर टक्केवारीने ठरवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे या दोन आकड्यांतल्या चोपन्न हजारांच्या फरकाने तुमच्या पुढच्या पगाराचा पायाच बदलतो. शिवाय चार लाखांच्या जागेसाठी २ लाख ८८ हजारवाला उमेदवार फार कनिष्ठ वाटून बाजूला पडू शकतो. हे गणित स्वतःच्या स्लिपवरून करून ठेवा. त्याला एक पैसा लागत नाही.

नोटीस पिरियडचंही तसंच. नेमणूकपत्रात किती लिहिला आहे ते बघा. पुष्कळ जण तोंडी ऐकलेले तीन महिने सांगून मोकळे होतात आणि पत्रात एकच महिना असतो.

आता पहिली जागा, साठातून तीन. रिक्रूटर अर्ज वाचत बसत नाही, तो शोधतो. नोकरी डॉट कॉमवर कंपन्यांना रेझडेक्स नावाची उमेदवारांची यादी मिळते. त्यात शब्द टाकायचे, अनुभवाची वर्षं, गाव, पगार, नोटीस यांची चाळणी लावायची आणि अलीकडे कोण सक्रिय होतं ते बघायचं. तुमच्या प्रोफाइलवर सध्याचं ठिकाण सांगली आहे आणि 'पसंतीचं ठिकाण' रिकामं किंवा तेही सांगलीच आहे, असं असेल तर पुण्याची चाळणी लावणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. मग रिझ्युमे साडेचार हजारांचा असो की चाळीस हजारांचा. पसंतीच्या ठिकाणात पुणे घाला, नोटीसचा रकाना भरा, आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून प्रोफाइलमधली एखादी ओळ सुधारून सेव्ह करा, म्हणजे सक्रिय उमेदवारांत राहाल. बहुतेक रिझ्युमे रायटर वर्डची फाइल देतात आणि त्यांचं काम संपतं. प्रोफाइल तसंच राहतं. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिथेच आहे.

दुसरा संशय तुम्ही कोणत्या जागांसाठी अर्ज करताय यावर. चाकण-रांजणगाव भागात वाहनं जोडणारे, सुटे भाग मशीनिंग करणारे, असेंब्ली करणारे कारखाने जास्त. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतले ओतीव भाग, ते विकत घेतात, आणि त्यातलं बरंच आपल्याच सांगली-कोल्हापूर पट्ट्यातून जातं. म्हणजे 'फाउंड्री क्यूसी इन्स्पेक्टर' या नावाची जागा तिकडे कमीच निघणार. पण कास्टिंग कुठे बिघडतं हे ज्याला कळतं, असा माणूस त्यांना सप्लायर क्वालिटीत (पुरवठादाराच्या कामाचा दर्जा), इनकमिंग क्वालिटीत (आलेल्या मालाची तपासणी) आणि कास्टिंग डेव्हलपमेंटमध्ये हवाच असतो. ब्लो होल (वायूची पोकळी), सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू) आणि श्रिंकेज (आकुंचनाची पोकळी) या दोषांतला फरक बघताक्षणी सांगणारा आणि 'हे मोल्डिंगचं आहे, हे मेल्टिंगचं' असं सप्लायरला तोंडावर सांगू शकणारा इंजिनिअर सहज मिळत नाही. तुमची खरी किंमत इथे आहे. रिझ्युमेच्या वरच्या ओळीत 'क्यूसी इन्स्पेक्टर' लिहून तुम्ही ती झाकून ठेवली आहे. हेडलाइन साधारण अशी हवी : कास्टिंग क्वालिटी आणि सप्लायर क्वालिटी, सात वर्षं, एसजी आणि ग्रे आयर्न, पीपीएपी, ८डी, आयएटीएफ १६९४९. (एसजी आणि ग्रे हे ओतीव लोखंडाचे प्रकार, पीपीएपी म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची फाइल, ८डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण शोधून दुरुस्ती करायचा अहवाल, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक.) यातलं तुम्ही प्रत्यक्ष केलंय तेवढंच ठेवा.

'एटीएस स्कोअर नव्वद' याने मात्र भुलू नका. एटीएस म्हणजे कंपनीचं अर्ज साठवायचं आणि त्यांत शोधायचं सॉफ्टवेअर. सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असा एकच स्कोअर अस्तित्वात नाही. वेबसाइटवर दिसणारा आकडा त्या वेबसाइटने स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो. कंपनीत तो कुणी बघत नाही. मोठ्या कंपनीत फॉर्म भरताना अनुभव, नोटीस, शिक्षण असे प्रश्न येतात आणि पुष्कळदा छाटणी त्या उत्तरांवरच होते. मिरज, कुपवाड, शिरवळ, लोणंद इथल्या लहान-मध्यम कारखान्यांत तर रिझ्युमे मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येतो आणि साहेब शॉपमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर उघडतात. तिथे स्कोअरपेक्षा अक्षर वाचता येणं महत्त्वाचं.

तरीही सॉफ्टवेअरला तुमचा कागद वाचता येतो की नाही, हे घरी तपासता येतं. मोबाइलवर पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. नाव, फोन, कंपन्या, तारखा क्रमाने आल्या तर फाइल ठीक आहे. डावीकडचा रकाना उजवीकडच्यात घुसला, फोन नंबर गायब झाला, तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तसंच दिसणार. दोन रकान्यांच्या रंगीत कॅनव्हा टेम्पलेटमध्ये हे फार होतं, आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला तरी होतं. सिलेक्टच होत नसेल तर तो फोटो आहे. झेरॉक्सच्या दुकानात छापलेला बायोडेटा मोबाइलने स्कॅन करून पाठवतात त्याचं हेच होतं : पीडीएफ दिसते, पण आत एकही अक्षर नाही, त्यामुळे कोणताही शब्द शोधला तरी तो कागद सापडत नाही. साधी एक रकान्याची वर्ड फाइल, अकरा पॉइंटचा फाँट, तक्ते नाहीत, चौकटी नाहीत, आणि तिथूनच सेव्ह केलेली पीडीएफ. सात वर्षांच्या अनुभवाला एक पान, फार तर दीड. फाइलला स्वतःचं नाव आणि काम द्या. 'न्यू रिझ्युमे फायनल २' नको.

वडिलांचं नाव-व्यवसाय, जात, उंची, छंद, मु. पो. ता. जि. सकट पूर्ण पत्ता आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे' असं सहीनिशी प्रतिज्ञापत्र, हे सगळं काढून टाका. 'सांगली, पुण्यात लगेच येण्यास तयार' एवढा पत्ता पुरतो.

आता त्या दोन संध्याकाळी. पहिली संध्याकाळ कागद काढण्याची. नेमणूकपत्र, पगारस्लिपा, पगारवाढीची पत्रं, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, कायझेनची बक्षिसं, आणि ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) साइटवर यूएएनने (तुमच्या पीएफच्या क्रमांकाने) लॉगिन करून दिसणारी तुमची सर्व्हिस हिस्टरी. ही शेवटची गोष्ट सोडू नका. निवड झाल्यावर पडताळणी करणारे पीएफच्या नोंदी बघतात. तुमची पहिली दोन वर्षं ठेकेदाराच्या रोलवर होती, म्हणजे पीएफमध्ये ठेकेदाराचं नाव असणार. रिझ्युमेत सातही वर्षं थेट कंपनीची दाखवलीत तर कागद जुळत नाहीत आणि ऑफर हातात आल्यावर अडकते. सरळ लिहा : अमुक कंपनीत काम, पहिली दोन वर्षं अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत, त्यानंतर कंपनीच्या रोलवर. यात कमीपणा नाही. उलट ठेकेदारीवरून कंपनीने स्वतःच्या रोलवर घेतलं, ही तुमच्या कामाची पावतीच आहे. आणि ठेकेदाराने पीएफ भरलाच नसेल, तर त्या दोन वर्षांसाठी गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, अनुभवाचा दाखला, जे काही असेल ते आत्ताच जमवा. राजीनामा दिल्यावर या गोष्टी मिळवणं जड जातं.

दुसरी संध्याकाळ आठवण्याची. वहीत उत्तरं लिहा, मराठीत लिहिली तरी चालतील. कोणते भाग बघता? वजन किती, ग्रेड कोणती, महिन्याला किती टन? मोल्डिंग कोणतं, हाताचं की मशीनचं? हाताखाली किती माणसं, किती शिफ्ट? रोज कोणती उपकरणं वापरता : स्पेक्ट्रोमीटर, कडकपणा मोजायचं यंत्र, मायक्रोस्कोप, सीएमएम (भागाची मापं तपासायचं यंत्र)? सीएमएम स्वतः चालवता की फक्त रिपोर्ट वाचता? तुम्ही आलात तेव्हा रिजेक्शन किती टक्के होतं आणि आज किती? कमी झालं असेल तर नेमकं काय बदलल्यामुळे? ग्राहकाची मोठी तक्रार आली तेव्हा ८डी कुणी लिहिला? ऑडिटला ऑडिटरसमोर कोण बसलं होतं? नवा भाग सुरू करताना पीपीएपीच्या फाइलीतले कोणते कागद तुम्ही केले?

मग बायोडेटातली जुनी ओळ घ्या. ती बहुधा अशी असते : 'कास्टिंगची क्वालिटी तपासणं आणि रेकॉर्ड ठेवणं ही जबाबदारी.' ही ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाउंड्रीतल्या कुठल्याही माणसाला लागू पडते. वहीवरून तीच ओळ अशी होऊ शकते : 'एसजी ५००/७ मधले ब्रेक कॅलिपर, ३ ते ७ किलो, महिन्याला सुमारे १२० टन, अंतिम तपासणी, हाताखाली तीन इन्स्पेक्टर. वाळूचा ओलावा आणि कॉम्पॅक्टिबिलिटी दर तासाला नोंदवायची पद्धत बसवून ब्लो होलचं रिजेक्शन आठ महिन्यांत ४.८ वरून ३.१ टक्क्यांवर.' आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. इंग्रजीत उतरवताना वाक्य पूर्ण करायच्या फंदात पडू नका, क्रियापदाने सुरुवात करून तुटक लिहिलं तरी चालतं.

ग्राहक कंपनीचं नाव, ड्रॉइंग नंबर, भावाचे आकडे लिहू नका. 'प्रवासी वाहन बनवणारी कंपनी' एवढं बास. चौघांच्या टीमने केलेलं काम 'चौघांच्या टीममध्ये, माझ्याकडे वाळूची तपासणी' असंच लिहा. असं लिहिणाऱ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

ही ओळ दुसऱ्याने लिहिली तर काय होतं ते इंटरव्ह्यूत कळतं. समोर बसलेला क्वालिटी मॅनेजर पहिला प्रश्न रिझ्युमेतल्या आकड्यावरच टाकतो : 'ओलावा किती होता, किती केला, मोजला कशाने, आणि ब्लो होल वाळूमुळेच येतोय हे कशावरून ठरवलं?' तुम्ही स्वतः वहीतून काढलेला आकडा असेल तर तुम्ही पाच मिनिटं बोलू शकता आणि तिथेच निम्मी निवड होते. लिहून देणाऱ्याने शोभेसाठी घातलेला 'रिजेक्शनमध्ये तीस टक्के घट' असेल तर दुसऱ्याच वाक्यात अडाल, आणि मग रिझ्युमेतल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

इंग्रजीची धास्ती असेल तर तिच्यावर स्वस्त इलाज आहेत. वहीतला मजकूर चॅटजीपीटीसारख्या साधनाला देऊन 'एकही नवी माहिती किंवा आकडा न घालता फक्त इंग्रजी दुरुस्त कर' असं सांगा, आणि आलेली प्रत वहीशी ओळीनओळ ताडून बघा. न सांगितलेलं घालायची त्याला सवय आहे. तुमच्या पॉलिटेक्निकचे ट्रेनिंग-प्लेसमेंटचे सर जुन्या विद्यार्थ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. आणि चाकणमध्ये तुमच्या बॅचचा कुणीतरी असणारच. त्याला दाखवलंत तर तो इंग्रजी तपासेल आणि जमलं तर आतून रिझ्युमे पुढेही सरकवेल. ओळखीतून आलेला रिझ्युमे निदान उघडला जातो. साठ आंधळ्या अर्जांपेक्षा असे पाच मला जास्त मोलाचे वाटतात.

मग पैसे कुणी द्यावेत? माझ्या अनुभवात काही जणांना ते खरंच वसूल होतात. सैन्यातून निवृत्त झालेले जवान यात पहिले. सातारा जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन आलेला हवालदार, पंधरा-सतरा वर्षं यंत्रसामग्री, वाहनं, भांडार सांभाळलेला, आणि बायोडेटात फक्त रेजिमेंट, हुद्दा आणि पोस्टिंगची गावं. कारखान्यातल्या एचआरला त्यातलं काही उमगत नाही, म्हणून सिक्युरिटीचीच नोकरी पुढे केली जाते. 'एमटी स्टोअर (लष्करी वाहनांचं भांडार) सांभाळलं' याचं किती वाहनं, किती प्रकारचे सुटे भाग, वर्षाला किती मागणीपत्रं, साठा मोजणीत किती फरक, देखभालीचं वेळापत्रक कसं, असं भाषांतर करावं लागतं. तेव्हा तो माणूस स्टोअर किंवा मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून डोळ्यांसमोर उभा राहतो. हे काम सैन्याची आणि कारखान्याची अशा दोन्ही भाषा जाणणारा माणूसच करू शकतो. त्यांनीही आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंदणी आणि मार्गदर्शन घ्यावं, आणि मग गरज वाटली तर पैसे द्यावेत.

दुसरे, क्षेत्र बदलणारे. तुम्ही कास्टिंगमधून सप्लायर क्वालिटीकडे जाताय तो बदल शेजारच्या खोलीत जाण्याइतका आहे, तो मी धरत नाही. मशीन शॉपमधून विक्रीत, शिक्षकी पेशातून कंपनीच्या ट्रेनिंग विभागात असा तो असेल तर बाहेरच्या डोळ्यांची मदत होते. मुलांसाठी पाच-सहा वर्षं घरी राहून परतणाऱ्या बाईंनाही होते. आणि वीस वर्षांवर अनुभव असलेले, ज्यांच्याकडे माहिती कमी नसून फार आहे; काय गाळायचं ते त्यांना स्वतःला ठरवता येत नाही.

याउलट सरकारी भरती, बँक, एमपीएससी, जिल्हा परिषद यांच्यासाठी रिझ्युमेवर खर्च करायचं कारणच नाही, तिथे ठरलेला फॉर्म असतो. नुकत्याच पास झालेल्यांनीही करू नये. वालचंद असो, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी असो की आयटीआय, त्यांच्याकडे एक प्रोजेक्ट, एक ट्रेनिंग आणि मार्क एवढाच ऐवज असतो, तो अर्ध्या पानात मावतो. स्थानिक नोकऱ्यांसाठी राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही पोर्टलं फुकट आहेत, तिथे नोंदणी करून ठेवायला हरकत नाही.

सगळं करूनही तुम्हाला वाटलं की कुणाकडून लिहूनच घ्यावं, तर माणूस पारखण्याची माझी एकच मुख्य कसोटी आहे : तो तुम्हाला काय विचारतो. निदान पाऊण तास फोनवर बोलून वरच्यासारखे प्रश्न विचारणारा आणि तुम्ही अर्ज करणार असलेल्या दोन-तीन जागांच्या जाहिराती मागणारा असेल तर त्याला काम कळतं. 'जुना बायोडेटा पाठवा, २४ तासांत नवा देतो' म्हणणाऱ्याकडून तुम्हाला जुनाच मजकूर नव्या कपड्यांत मिळेल. मेकॅनिकल किंवा फाउंड्रीतल्या कुणाचा तरी, नाव-गाव झाकलेला, नमुना मागा. त्यात 'डायनॅमिक', 'रिझल्ट ओरिएंटेड', 'टीम प्लेयर' असे शब्द पहिल्या परिच्छेदात भरलेले असतील आणि टन, टक्के, भाग यांचा पत्ता नसेल, तर तिथेच थांबा. वर्डची फाइल मिळेल का, दुरुस्त्या किती वेळा, किती दिवसांत, नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलचा मजकूरही देणार का, ४,५०० मध्ये जीएसटी धरला आहे का, हे मेसेजवर लेखी घ्या. निम्मे पैसे आधी, निम्मे दुसरी दुरुस्ती झाल्यावर.

नोकरीची किंवा इंटरव्ह्यूची हमी देणारा, तुमच्या प्रोफाइलचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा, आधार-पॅनचे फोटो मागणारा, आणि रिझ्युमेनंतर 'कंपनीचं रजिस्ट्रेशन', 'गेटपास', 'लॅपटॉप डिपॉझिट' असे पुढचे पैसे काढणारा, यांपैकी कुणाशीही व्यवहार करू नका. रिझ्युमे लिहायला यातलं काहीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

तुमच्यापुरतं ठरवायचं तर असं करा. या आठवड्यात दोन संध्याकाळी, प्रोफाइलमध्ये पुणे आणि नवी हेडलाइन, सीटीसीचं गणित. पुढचे चार आठवडे सप्लायर क्वालिटी, इनकमिंग क्वालिटी, कास्टिंग डेव्हलपमेंट या नावाच्या वीसच जागा निवडून अर्ज, आणि प्रत्येक वेळी जाहिरातीतले शब्द बघून वरच्या चार ओळी थोड्या बदलायच्या. वीसातून तीन-चार फोन आले तर रिझ्युमे चालतोय, आता तयारी इंटरव्ह्यूची. एकही आला नाही तर रिझ्युमे आधी त्या क्षेत्रातल्या माणसाला दाखवा, आणि त्यालाही उणीव सापडली नाही तरच पैसे देण्याचा विचार करा. तेव्हा तुमच्या हातात भरलेली वही असेल, त्यामुळे त्याच पैशात काम दुप्पट चांगलं होईल.

राहिला तुमच्या पत्नीचा रिझ्युमे. त्यासाठी ३,००० देऊ नयेत असं मला स्पष्ट वाटतं. नर्सचा रिझ्युमे नर्सिंग सुपरिंटेंडंट वाचतात आणि त्यांना भाषेची सजावट नको असते. नर्सिंगचा डिप्लोमा (जीएनएम) की बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि तो कधीपर्यंत वैध आहे, हे पहिल्या पाच ओळींत. मग प्रत्येक हॉस्पिटलसमोर किती खाटांचं, त्यांचा वॉर्ड कोणता, आयसीयू असेल तर किती बेडचं आणि एका शिफ्टला एका नर्सकडे किती पेशंट. व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, एबीजीचं (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) सॅम्पल, सेंट्रल लाइनची देखभाल यांतलं काय स्वतः करतात आणि काय नुसतं बघितलं आहे, हे वेगळं लिहा. हॉस्पिटलला एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाची) मान्यता असेल आणि त्याची कागदपत्रं त्यांनी भरली असतील तर ते नक्की लिहा, पुण्यातली मोठी हॉस्पिटलं ते शोधतात. बीएलएस, एसीएलएसच्या (जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांच्या ट्रेनिंगच्या) सर्टिफिकेटवर तारीख घाला, ती दोन वर्षंच चालतात. एवढं सगळं एका पानात बसतं. मिरजेसारख्या वैद्यकीय गावात काम केल्यामुळे त्यांच्याकडे पेशंटची विविधता भरपूर असणार, ती वॉर्डांच्या नावांतून आपोआप दिसेल. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर अर्ज करण्याआधी नूतनीकरणाला टाका आणि रिझ्युमेत 'नूतनीकरणासाठी अर्ज केला' असं तारखेसह लिहा. ती तारीख उलटून गेलेली दिसली तर बाकीचं पान कुणी वाचत नाही.